चेहऱ्यासाठी निधी उभा करताना

कर्करोगातून वाचलेल्या एखाद्या परदेशी मुलीच्या चेहऱ्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे करून द्यायची, असं तुमच्या मंडळाने, क्लबने किंवा ट्रस्टने ठरवलं असेल तर एक विनंती आहे. पहिल्या बैठकीत ऑपरेशनचा खर्च मांडू नका. आधी हे ठरवा, की ही मुलगी मायदेशी परतल्यावर पुढची पाच वर्षं तिला कोण तपासणार आणि दुसऱ्या, तिसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कुठून येणार. याची उत्तरं हाती नसतील तर विमानाचं तिकीट काढायची घाई करू नका. जबडा, नाक, गाल, पापणी यांची पुनर्रचना सहसा एका ऑपरेशनात संपत नाही, आणि कर्करोगाच्या उपचारांनंतर तर नाहीच.

या प्रकारच्या मदतीचा एक जुना आणि मोठा दाखला आहे. १९५५ साली अणुबॉम्बने भाजलेल्या हिरोशिमाच्या २५ तरुणींना न्यूयॉर्कला नेलं गेलं. पत्रकार नॉर्मन कझिन्स आणि पाद्री कियोशी तानिमोतो यांनी पुढाकार घेतला, माउंट सायनाय रुग्णालयाने खाटा दिल्या, क्वेकर कुटुंबांनी या मुलींना आपापल्या घरी ठेवून घेतलं. एकूण १३८ शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी पाचांहून अधिक. एका तरुणीचं हृदय शस्त्रक्रियेदरम्यान बंद पडलं आणि ती दगावली. त्यांच्याबरोबर जपानी डॉक्टरही गेले होते, आणि तिथलं तंत्र शिकून ते परतले. या मुलींच्या जखमा भाजल्याच्या होत्या, कर्करोगाच्या नव्हत्या. तरीही दीर्घ मुक्काम, घरासारखी राहण्याची जागा, मायदेशातल्या डॉक्टरचा सहभाग आणि जिवाच्या जोखमीची उघड जाणीव या गोष्टी आजच्या कुठल्याही संस्थेने तिथून उचलाव्यात.

कर्करोगाने त्यात आणखी एक अडचण घातलेली असते, ती म्हणजे रेडिएशन. आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली लेखिका ल्यूसी ग्रीली हिला वयाच्या नवव्या वर्षी जबड्याचा युइंग सार्कोमा झाला. खालच्या जबड्याचा मोठा भाग काढावा लागला, मग अडीच वर्षं रेडिएशन आणि केमो. १९९४ साली आलेल्या ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ फेस’ या आत्मकथनात तिने पुढची हकिगत लिहिली आहे. शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेलं हाड पुन्हा पुन्हा विरून जात राहिलं आणि प्रत्येक वेळी आशा नव्याने बांधावी लागली. कारण साधं आहे. रेडिएशनचा शेक दिलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, कातडी ताठर होते आणि तिथे नुसतं हाड किंवा चरबी नेऊन ठेवणं म्हणजे उपटलेलं रोप कोरड्या वाळूत खोचणं.

म्हणून अशा जागी बहुतेक वेळा ‘फ्री फ्लॅप’ करतात. पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या आकारात बसवतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. १९७५ मध्ये इयान टेलर यांनी हे हाड अशा रीतीने पायासाठी वापरलं होतं. १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी खालच्या जबड्यासाठी ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि आज जगभर तीच मुख्य वाट आहे. गालासाठी मनगटाकडची किंवा मांडीची कातडी घेतात. पक्षाघाताने पडलेल्या ओठाला हलवण्यासाठी मांडीतला ग्रॅसिलिस हा स्नायू आणतात. अनुभवी विभागांत शंभरातले पंचाण्णव फ्लॅप टिकतात, पण ऑपरेशन आठ-दहा तास चालतं, पहिले काही दिवस तासातासाला फ्लॅपचा रंग आणि रक्तप्रवाह पाहावा लागतो, आणि गुठळी झाली तर मध्यरात्रीही पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. तुमच्या अंदाजपत्रकात या दुसऱ्या फेरीचे पैसे आहेत का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

आपल्याकडे हे काम करणारे हात आहेत, याबद्दल शंका नको. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, आणि मुंबई-पुण्याच्या अनेक रुग्णालयांत जबड्याची पुनर्रचना नेहमीची झाली आहे. या अनुभवामागे तंबाखूने आणि गुटख्याने उद्ध्वस्त झालेली हजारो मराठी तोंडं आहेत, हे वास्तव फार क्लेशकारक आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणतो. सरकारी किंवा अनुदानित रुग्णालयात आपलेच रुग्ण महिनोन्महिने नंबर लावून असतात. परदेशी मुलीसाठी निधी असेल तर धर्मादाय किंवा खासगी रुग्णालयात पूर्ण दराने, ठरवून घेतलेल्या तारखेवर काम करून घ्यावं. कुणाची रांग ओलांडून केलेली मदत तुम्हालाही नको असेल. महात्मा फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेवर चालते, त्यामुळे तिचा आधार इथे मिळणार नाही.

आता कागदपत्रं. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच तो द्यायला हवा. मोबाइलवर काढलेले दोन फोटो आणि ‘मदत करा’ असं पत्र यावर कुठलाही प्रामाणिक सर्जन खर्च सांगणार नाही. मागवायचं ते असं: बायोप्सीचा मूळ अहवाल, पहिल्या ऑपरेशनच्या नोंदी, रेडिएशन कुठल्या भागावर आणि किती ग्रे दिलं याचा तक्ता, केमोच्या औषधांची नावं आणि एकूण मात्रा, आणि सीटी-एमआरआयच्या फिल्मचे फोटो नव्हे तर मूळ डिजिटल फाइल. मानेतल्या कुठल्या रक्तवाहिन्या आधीच्या ऑपरेशनात बांधल्या गेल्या, हे त्या नोंदींतूनच कळतं. फ्लॅप जोडायला वाहिनी आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

केमोच्या औषधांची नावं भूलतज्ज्ञासाठी हवीत. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या मुलांच्या हृदयाची ताकद कमी झालेली असू शकते, म्हणून इको करावा लागतो. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंड आणि ऐकू येणं यांवर परिणाम होतो. ब्लिओमायसिन दिलं असेल तर भुलेच्या वेळी जास्त ऑक्सिजन फुप्फुसांना घातक ठरू शकतो. शिवाय तोंड किती उघडतं ते पाहा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावत नसतील तर तसं आधीच कळवा, कारण मग भुलेची नळी घालण्याची पद्धतच बदलते.

मूळ ऑन्कॉलॉजिस्टकडून ‘आज रोग नाही’ असं ताज्या स्कॅनच्या आधारावर लेखी घ्या. हे पत्र मिळेपर्यंत निधीचं आवाहनसुद्धा करू नये, असं माझं मत आहे. लोकांनी पैसे दिले, मुलगी आली आणि इथल्या तपासणीत गाठ सापडली, तर तिच्यावर जो आघात होतो त्याला तोड नाही.

वयाचाही विचार करा. जबड्याची वाढ मुलींत साधारण सोळाव्या, मुलग्यांत अठराव्या वर्षापर्यंत चालते. रेडिएशन घेतलेली बाजू मागे पडते आणि निरोगी बाजू वाढत राहते. वयाच्या दहाव्या वर्षी सरळ केलेला चेहरा पंधराव्या वर्षी पुन्हा वाकडा दिसू शकतो. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमातून वाचलेल्या मुलांत शेक दिलेली खोबण लहानच राहते. त्यांना कृत्रिम डोळा वाढीबरोबर बदलावा लागतो. म्हणून दिसण्यासाठीची मोठी शस्त्रक्रिया वाढ थांबेपर्यंत लांबवावी असंच बहुतेक वेळा सर्जन सुचवतात. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडं पडत असेल, श्वास घ्यायला त्रास असेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र थांबू नये. लहान मुलाच्या पायातून फिब्युला घेताना घोट्याच्या वाढीचाही विचार करावा लागतो. सर्जनने तो केला आहे का, हे विचारायला लाजू नका.

हे सगळं मोठ्यांमध्ये ठरत असताना त्या मुलीला कुणी विचारलं का? एकदा तिला आईवडिलांपासून बाजूला बसवून, तिच्या भाषेत, तिला सगळ्यात जास्त काय बोचतं ते विचारा. देणगीदाराला गालातला खड्डा दिसतो. तिला कदाचित ओठ मिटत नाहीत, लाळ गळते आणि त्यामुळे शाळेत कुणी शेजारी बसत नाही याचं दुःख असेल. कदाचित चारचौघांत भाकरी चावून खाता येणं, एवढंच तिला हवं असेल. तिच्या तीन इच्छा क्रमाने लिहून घ्या आणि सर्जनकडून प्रत्येकीपुढे ‘होईल’, ‘थोडं होईल’, ‘होणार नाही’ असं लिहून घ्या. सर्जनकडे अशाच रुग्णांचे, त्यांच्या परवानगीने दाखवता येतील असे, वर्षभरानंतरचे फोटो असतील तर ते पाहा. फार छान जमलेले तेवढे पाहू नका, मध्यम निकालही दाखवायला सांगा. तिने ‘मला नको’ म्हटलं तर ते उत्तरही स्वीकारावं लागेल. अठराखालील मुलीची कायदेशीर संमती पालक देतात, पण नको म्हणणाऱ्या मुलीला थिएटरमध्ये नेणाऱ्या संस्थेने मदतीच्या नावाखाली अन्याय केला, असंच मी म्हणेन.

दुभाषा नात्यातला नको. आईला ‘धोका आहे’ हे सांगताना मामा तो शब्द गाळून टाकतो, आणि त्यात त्याचं प्रेमच असतं. पुण्यात आफ्रिकेतले आणि अरब देशांतले पुष्कळ विद्यार्थी शिकायला असतात. रोजच्या सोबतीला, जेवणखाण सांगायला त्यांची फार मदत होते. संमतीपत्रावर सही घेण्याच्या वेळी मात्र वैद्यकीय दुभाषाच बसवा.

नाक किंवा कान पूर्ण गेलेला असेल तर कृत्रिम अवयवाचा पर्याय कमीपणाचा मानू नका. पर-इंगवार ब्रानेमार्क यांनी टायटॅनियम हाडात कसं एकजीव होतं हे दाखवून दिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला तसे दात बसवले. त्याच तत्त्वावर आता सिलिकॉनचं नाक किंवा कान कवटीच्या हाडाला धरून बसवता येतो. शेक दिलेल्या हाडात हे स्क्रू टिकण्याची खात्री कमी असते, आणि सिलिकॉनचा रंग उन्हाने, घामाने एक-दोन वर्षांत उतरतो. म्हणजे नवा बनवून पाठवायची व्यवस्था हवी. खऱ्या कातडीचं नाक हवं असेल तर कपाळाच्या कातडीची पद्धत आहे, आणि तिचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळ झालेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाच्या अशा शस्त्रक्रियेची हकिगत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ती करून पाहिली. आजही तिला ‘इंडियन मेथड’ म्हणतात.

खर्चाच्या यादीत सगळ्यात जास्त वेळा दात विसरले जातात. जबडा तयार होतो, फोटो काढले जातात, संस्था पुढच्या कामाला लागते, आणि मुलगी पुढेही पेजच पीत राहते, कारण त्या हाडावर दात बसवायचा खर्च कुणी धरलेलाच नव्हता. रेडिएशननंतर दात काढणंही जोखमीचं असतं, कारण हाड सडू शकतं. म्हणून दंतवैद्याला सुरुवातीपासून बैठकीत बसवा. त्याशिवाय बोलण्या-गिळण्याचा थेरपिस्ट, पाय आणि जबडा यांचा व्यायाम, चरबी भरायची असेल तर दोन-तीन फेऱ्या, दुभाषा, मुक्काम, बदललेल्या तिकिटाचा फरक आणि, लिहायला जड जातं तरी, काही विपरीत घडलं तर मृतदेह मायदेशी नेण्याचा खर्च यांची बेरीज करा. माझा आग्रह असा, की ऑपरेशनचं जे एस्टिमेट येईल तितकीच रक्कम पुढच्या टप्प्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. ती जमत नसेल तर लहान शस्त्रक्रिया पूर्ण निभवावी. मोठी अर्धवट करू नये.

पैसे कसे घ्यायचे, यातही अनेक मंडळं अडचणीत येतात. अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधी ठरत नाही. त्याच्या शेजाऱ्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड का असेना, त्याची देणगी मात्र परकीय ठरते. तशी देणगी घ्यायला परकीय देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर परदेशातल्या संस्थेला रुग्णालयाचं बिल थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायला सांगणं सोपं, कारण नेहमीच्या सेवेचं शुल्क परकीय देणगी मानलं जात नाही. तरी पहिला रुपया घेण्याआधी सीएशी बसाच.

व्हिसा मेडिकलच हवा. टुरिस्ट व्हिसावर बोलावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रुग्णालयाचं पत्र जोडून अर्ज करावा लागतो, आणि दोन सोबत्यांपर्यंत अटेंडंट व्हिसा मिळतो. ऑनलाइन ई-मेडिकल व्हिसा साठ दिवसांचा असतो, आणि मोठ्या फ्लॅपच्या मुक्कामाला तेवढे दिवस पुरतीलच असं नाही. मुदतवाढ परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे एफआरआरओकडून, मिळते. फक्त आई सोबत येणार असेल तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं. ते नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, आणि ती जिवंत विषाणूची असल्याने केमो झालेल्या मुलीला द्यायची की नाही, हे तिचा ऑन्कॉलॉजिस्टच ठरवेल. नको म्हटलं तर सवलतीचं पत्र आधी मिळवावं लागेल.

घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाने चोवीस तासांत पाहुण्यांची ऑनलाइन नोंद करायची असते. लोक तिला ‘सी फॉर्म’ म्हणतात. यजमानकाकूंना रुग्णालयातल्या नर्सने एकदा घरी येऊन नळीतून जेवण कसं द्यायचं, फ्लॅपवर उशी का येऊ द्यायची नाही, आणि कातडी काळी-निळी किंवा एकदम फिकी पडली तर रात्री दोनलाही कुणाला फोन करायचा, हे प्रत्यक्ष दाखवावं. मुलीच्या आईला तिच्या पद्धतीचं जेवण करायला स्वयंपाकघर मोकळं ठेवा. परक्या देशात बाकी काहीच तिच्या हातात नसतं.

फोटोंबद्दल. १९५५ मध्ये तानिमोतो यांना अमेरिकी दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात बोलावलं होतं. त्यात हिरोशिमाच्या दोन तरुणी पडद्यामागून फक्त सावलीरूपात दाखवल्या होत्या. सत्तर वर्षांपूर्वी तेवढं भान होतं, आणि आज आपण ‘आधी-नंतर’चे फोटो व्हॉट्सअॅपवर बेधडक टाकतो. आधीचा फोटो निधीसाठी वापरायचा असेल तर मुलीची आणि पालकांची वेगळी संमती घ्या, आणि ती दिली नाही म्हणून मदत अडणार नाही हे संमतीआधी स्पष्ट सांगा. तिचं नाव, गाव, शाळा लिहू नका. पंचवीस वर्षांची झाल्यावर तो फोटो तिला परत मागता येणार नाही.

उलट दिशेचा प्रश्नही काही वाचक विचारतात, की आपल्या मुलाला लंडनला किंवा अमेरिकेला नेता येईल का? बहुतेक वेळा गरज नसते. तसंच वाटलं तर ब्रिटनमध्ये उपचारांसाठी अकरा महिन्यांपर्यंतचा व्हिजिटर व्हिसा मिळतो, आणि सहा महिन्यांहून अधिक राहायचं तर भारतातून जाणाऱ्याला क्षयाची तपासणी लागते. अमेरिकेच्या व्हिसासाठी तिथल्या डॉक्टरचं पत्र आणि खर्च कोण देणार याचा पुरावा लागतो. संस्थेच्या नुसत्या नावावरून अर्ज पाठवू नका. ‘स्माइल ट्रेन’चं काम मुख्यतः दुभंगलेल्या ओठ-टाळूचं आहे, कर्करोगाचं नाही. लंडनची ‘फेसिंग द वर्ल्ड’ ही संस्था पूर्वी मुलांना तिथे नेऊन ऑपरेशन करी, पुढे तिने व्हिएतनाममधल्या डॉक्टरांना शिकवण्यावर भर दिला. माझ्या मते तोच शहाणपणाचा मार्ग आहे. तुमच्या मंडळाकडे थोडा निधी उरला तर त्या मुलीच्या गावच्या सर्जनला काही आठवडे इथल्या विभागात बोलावण्याचा विचार करा.

परतताना तिच्याबरोबर जाड फाइल जाऊ द्या: ऑपरेशनच्या नोंदी, वापरलेल्या प्लेट-स्क्रूंचे स्टिकर, स्कॅनच्या डिजिटल फाइल, कुठली मानेतली वाहिनी वापरली त्याचं चित्र, व्यायामाचा तक्ता. तिकडच्या डॉक्टरचं नाव आणि होकार आधीच लेखी घेतलेला असावा, आणि आपल्या सर्जनशी त्यांचं व्हिडिओवर एकदा बोलणं झालेलं असावं. परतीचं तिकीट तारीख बदलता येण्याजोगंच घ्या. आणि आईला बसवून सांगा, की चेहरा छान झाला तरी कर्करोगाची वार्षिक तपासणी थांबवायची नाही. शेक दिलेल्या भागात बऱ्याच वर्षांनी नवी गाठ येऊ शकते, आणि आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमात तो धोका जास्त असतो. नवं दुखणं, न भरणारी जखम किंवा कडक गाठ दिसली तर तिने प्लास्टिक सर्जनकडे नव्हे, आधी ऑन्कॉलॉजिस्टकडे जायचं.